केबलवाल्याचं इंटरनेट

कोल्हापुरातून महामार्गाला लागलं की कागल ओलांडून तासाभरात निपाणी येते. अंतर चाळीसएक किलोमीटर. पणजी गाठायची तर घाट उतरून निम्मा दिवस मोडतो. तरीही कोल्हापूरच्या एखाद्या इंटरनेट कंपनीकडे महाराष्ट्र परिमंडळाचा परवाना असेल, तर ती पणजीतल्या घरात जोडणी देऊ शकते, निपाणीतल्या घरात नाही. दूरसंचार खात्याच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र परिमंडळात मोडतो आणि निपाणी कर्नाटक परिमंडळात. कागलचं गिऱ्हाईक चालतं, त्याच्या निपाणीच्या मेव्हण्याला मात्र ‘आमची हद्द संपली’ म्हणून सांगावं लागतं. सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. त्याला अशा हद्दींची सवय आहे.

इंटरनेट पुरवण्याच्या परवान्याचे तीन वर्ग आहेत. ए वर्गाला सारा देश मोकळा, बी वर्गाला एक परिमंडळ, आणि सी वर्गाला जुन्या टेलिफोन व्यवस्थेतला एक विभाग, म्हणजे साधारण एक जिल्हा. २०१३ पासून लागू झालेल्या एकत्रित परवाना पद्धतीत त्यांचं प्रवेश शुल्क अनुक्रमे ३० लाख, २ लाख आणि २० हजार रुपये ठरलं होतं. वीस हजार! कोल्हापूरच्या बाजारात चांगल्या दुभत्या म्हशीला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. गल्लीतला केबलवाला इंटरनेटच्या धंद्यात कसा शिरला, याचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे. उरलेलं अर्धं त्याच्या शिडीत आणि गिऱ्हाइकांच्या वहीत आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, तेही मोजक्या महानगरांत. खासगी कंपन्यांना दार उघडलं ते नोव्हेंबर १९९८ मध्ये. आणि त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्याचं नाव या विषयात देशभर झालं, ते वारणेमुळे.

तात्यासाहेब कोरे यांनी वारणानगरला साखर कारखान्याभोवती दूध, शिक्षण, बझार असा सहकाराचा मोठा पसारा उभा केला होता. १९९८ मध्ये केंद्र सरकारने ‘वायर्ड व्हिलेज’ योजनेसाठी हाच परिसर निवडला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं त्यात होती. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि १० टक्के वारणा समूहाने उचलायचा, अशी विभागणी ठरली. गावोगावी संगणक केंद्रं निघाली. शेतकऱ्याला तिथे बाजारभाव मिळतील, पिकांचा सल्ला मिळेल, सरकारी दाखले मिळतील, असं चित्र रंगवलं गेलं. बाहेरगावाहून, परदेशातून लोक पाहायला आले.

प्रत्यक्षात केंद्रावर येणारा शेतकरी विचारायचा ते एवढंच: माझ्या उसाचं वजन किती भरलं, तोड कधी मिळणार, खताचे किती वळते झाले आणि बिल कधी. जगाच्या ज्ञानापेक्षा त्याला स्वतःच्या खात्याची निकड होती, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. पुढच्या दशकात बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी हे हेरलं. वारणेच्या सात गावांत त्यांनी आठ महिने वेगळा प्रयोग केला. गावातला संगणक बाजूला ठेवला आणि तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर आणलं. शेतकऱ्याने ठरावीक मजकूर पाठवायचा, की कारखान्याकडून उत्तर यायचं. संगणकाची सगळी कामं एसएमएसने झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तेच सोयीचं वाटलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘वायर्ड’ म्हणून गाजलेल्या गावांवरच्या या प्रयोगाचं नाव त्यांनी ‘वारणा अनवायर्ड’ ठेवलं.

वारणेची योजना वरून खाली आली होती. केबलवाल्याचं इंटरनेट उलट्या वाटेने आलं. नव्वदीच्या दशकात गच्चीवर छत्री लावून शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, राजारामपुरी, कसबा बावडा अशा भागांत त्याने घराघरांत केबल टीव्ही पोचवला. कुणाच्या गच्चीवरून वायर नेता येते, कुठला घरमालक हरकत घेतो, महिन्याच्या कितव्या तारखेला कुणाकडे पैसे मिळतात, हे सगळं त्याला पाठ झालं. मग डिजिटायझेशन आलं. महानगरं आणि मोठी शहरं उरकल्यावर तिसऱ्या टप्प्यात कोल्हापूरसारख्या शहरांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती. सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि धंद्याची दोरी वरच्या मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्राय या दूरसंचार नियामकाची नवी दरपद्धती लागू झाली, चॅनेलनिहाय पैसे मोजायची वेळ आली आणि गिऱ्हाईक वैतागलं. त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, पोरं मालिका सोडून मोबाइलमध्ये घुसली होती. केबलवाल्यापुढे दोन रस्ते उरले: दुकान गुंडाळायचं किंवा त्याच वाटेवरून दुसरी वायर टाकायची.

ही दुसरी वायर आधी तांब्याचीच होती. गच्चीवरून गच्चीवर लॅन केबल ओढायची आणि मध्ये प्लॅस्टिकच्या डब्यात आठ पोर्टचा स्विच ठेवायचा. या केबलची मर्यादा १०० मीटर, त्यामुळे दर चार घरांमागे एक डबा आणि प्रत्येक डब्याला कुणाच्या तरी घरातून वीज. वळवाच्या पावसात एक वीज कडाडली की रांगेने पोर्ट उडायचे. मग सकाळी सात वाजल्यापासून फोन सुरू: ‘ओ दादा, नेट गंडलंय की!’

फायबरने यातलं बरंच दुखणं घालवलं. काचेच्या तंतूतून विजेऐवजी प्रकाश जातो, त्यामुळे आकाशातली वीज त्या वाटेने घरात शिरत नाही. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे केंद्रापासून घरापर्यंत वाटेत कुठेही वीज लागत नाही. केबलवाल्याच्या खोलीत ओएलटी नावाचं यंत्र असतं. त्याच्या एका पोर्टातून निघालेला प्रकाश वाटेत स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत एका पोर्टला घराकडे जाताना सुमारे अडीच गिगाबिट आणि घराकडून येताना सव्वा गिगाबिट प्रतिसेकंद एवढी क्षमता मिळते. जाणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, येणारा १३१० नॅनोमीटरचा. दोन्ही एकाच तंतूतून एकमेकांना न अडवता धावतात. त्याच तंतूत १५५० नॅनोमीटरवर टीव्हीचे चॅनेलही बसवता येतात, म्हणजे केबलवाल्याचा जुना धंदाही नव्या काचेत मावतो.

ही काच जोडायचं काम बघण्यासारखं असतं. पोरगा शिडीवरून उतरतो, गाडीच्या सीटवर स्प्लायसिंग मशीन ठेवतो आणि तंतूवरचं रंगीत आवरण चिमट्याने सोलतो. आत उरते ती १२५ मायक्रॉनची काच, आणि तिच्याही गाभ्यात प्रकाश वाहून नेणारा भाग जेमतेम ९ मायक्रॉनचा. स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरमध्ये धरून टोक सरळ कापायचं आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर बसवायची. छोट्या पडद्यावर ती मोठी दिसतात, मशीन आपणहून ती एका रेषेत आणतं, विजेची ठिणगी पडते आणि दोन काचा वितळून एक होतात. नुकसान किती तेही पडद्यावर उमटतं. चांगल्या जॉइंटला ०.०२ डेसिबलच्या आसपास. वर नळी सरकवून तापवली की काम संपलं. मग घरातल्या फायबरच्या डब्याजवळ प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावायचा. उणे वीसच्या आसपास आकडा आला तर गडी खूश. उणे सत्तावीसच्या खाली घसरला की डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि पुन्हा शिडी चढावी लागते.

वायर तुटायची कारणंही इथली आहेत. हंगामात उसाने शिगोशिग भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर लोंबणारी वायर सोबत घेऊन जातात. फडातलं पाचट पेटवलं की बांधावरून गेलेली केबल वितळते. महावितरणची माणसं पावसाळ्याआधी फांद्या छाटतात, त्यात फांदीबरोबर फायबरही उतरतं. गणपतीच्या दिवसांत उंच मूर्तीला वाट करून देताना वायर काठीने वर उचलली जाते आणि मुडपते. काच मुडपली की प्रकाश बाहेर सांडतो. शहरातल्या कंपनीच्या कॉल सेंटरला यातलं काही कळायचा प्रश्नच नसतो. केबलवाल्याला मात्र ट्रॉली कुठल्या वळणावर अडकते ते माहीत असतं.

खरी परीक्षा महापुरात झाली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. अशा वेळी फायबरचं एक वैशिष्ट्य कळतं. नुसती काच पाण्यात बुडाली म्हणून बंद पडत नाही. जुन्या तांब्याच्या टेलिफोन केबलमध्ये पाणी शिरलं की लाइनवर खरखर सुरू व्हायची आणि मग ती महिनाभर मुकी राहायची. फायबरच्या बाबतीत बुडतात ती टोकं: तळमजल्यावर ठेवलेली यंत्रं आणि त्यांच्या बॅटऱ्या. वीज तर आधीच बंद झालेली असते. ओएलटी दुसऱ्या मजल्यावर आहे की नाही आणि जनरेटरला डिझेल आहे की नाही, यावर सगळं ठरतं. तिसरी गोष्ट वाटेची. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या दोन मुख्य लाइन घेतल्या, पण दोन्ही त्याच महामार्गाच्या कडेने येऊन पंचगंगेचा एकच पूल ओलांडत असतील, तर दुसरीचे पैसे पाण्यात. एक पुण्याच्या बाजूने आणि दुसरी बेळगावच्या बाजूने आणणारा खऱ्या अर्थाने शहाणा.

जिथे वायरच नेता येत नाही तिथे हवा कामाला येते. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगड या पश्चिमेच्या तालुक्यांत वाडी एका डोंगराला तर रस्ता दुसऱ्या. चार घरांसाठी खांब उभे करत जंगलातून फायबर ओढणं परवडत नाही. अशा ठिकाणी उंचावरच्या टॉवरवर आणि घराच्या कौलांवर दोन अँटेना समोरासमोर लावतात. सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला सुमारे ६०० मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त केला, त्यामुळे छोट्या कंपन्यांना लहरींसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. बीएसएनएलची ‘भारत एअर फायबर’ ही सेवा याच मोकळ्या लहरींवर आणि स्थानिक भागीदारांच्या जोरावर उभी आहे. २०२३ मध्ये जिओ आणि एअरटेलने ‘एअर फायबर’ याच नावाखाली आणलेली सेवा त्यांच्या स्वतःच्या ५जी लहरींवर सुरू झाली. नावं सारखी असल्याने दुकानात गोंधळ उडतो.

डोंगर हा या कामात मित्रही असतो आणि वैरीही. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या उंचीवरून खालचं पठार दूरवर उघडं दिसतं. पण दोन अँटेनांना एकमेकी नुसत्या दिसून भागत नाही. दहा किलोमीटरच्या अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झची लहर मध्यभागी चोहोबाजूंनी सुमारे ११ मीटर फुगलेली असते, आणि त्यातला निदान निम्म्याहून अधिक भाग मोकळा लागतो. उन्हाळ्यात जोडणी झकास चालते, पावसाळ्यात झाड दोन हात वाढतं, पानं ओली होतात आणि वेग निम्म्यावर येतो. गिऱ्हाईक पावसाला दोष देतं. या पट्ट्यात पावसाच्या थेंबांचा अडथळा फार नसतो, खरा चोर ते ओलं झाड असतं. शिवाय लहरी फुकट म्हणजे शेजाऱ्यालाही फुकट. शहरात एकाच गच्चीवर पाच कंपन्यांच्या अँटेना लागल्या की सगळ्यांचाच आवाज एकमेकांत मिसळतो.

फायबर झालं, हवा झाली. तिसरा राहिला फोन. इथे छोट्या कंपनीचे हात बांधलेले आहेत. इंटरनेटवरून बोलण्याला सरकारने १ एप्रिल २००२ पासून परवानगी दिली, ती अर्धवट. संगणकावरून परदेशातल्या फोनला लावायला मुभा, पण देशातल्या साध्या फोनला लावायला मनाई. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाशी बोलता येईल, इचलकरंजीच्या आत्याशी नाही! २०१८ च्या जूनमध्ये हे नियम सैल झाले, पण फोन नंबर देण्याचा हक्क टेलिफोनचा पूर्ण परवाना असलेल्या कंपन्यांकडेच राहिला. त्यामुळे ०२३१ ने सुरू होणारा लँडलाइन नंबर गल्लीतली इंटरनेट कंपनी स्वतःच्या नावावर काढू शकत नाही. ती बीएसएनएलसारख्या कंपनीशी भागीदारी करते, कमाईत वाटा देते आणि तो नंबर फायबरच्या डब्यातून घरातल्या फोनपर्यंत पोचवते. आवाज चोख येतो. एक फरक मात्र जुन्या माणसांना खटकतो: तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, दिवे गेले तरी तो वाजायचा. फायबरचा फोन घरातल्या विजेवर चालतो. दिवे गेले आणि डब्याला बॅटरी नसली, की तोही गप्प.

मोठ्या कंपन्यांपुढे हा छोटा माणूस टिकणार का? देशातल्या मोबाइलसह एकूण ब्रॉडबँड ग्राहकांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त ग्राहक पहिल्या पाच कंपन्यांकडे आहेत, असं ट्रायचे आकडे सांगतात. त्या स्वस्तात देतात, सहा महिने फुकट देतात, सिनेमांची ॲप जोडून देतात. पण घरोघरी येणाऱ्या तारेच्या ब्रॉडबँडची यादी वेगळी बघितली, तर जिओ, एअरटेल, बीएसएनएल, ॲक्ट यांच्या पंक्तीत एक नाव दिसतं: केरळा व्हिजन. ही कंपनी कुठल्या उद्योगपतीची नाही, केरळातल्या केबलचालकांच्या संघटनेने उभी केलेली आहे. वायर आणि गिऱ्हाईक ज्याचं त्याचं. मुंबई-चेन्नईहून घाऊक बँडविड्थ, यंत्रं, बिलिंग आणि फोनचे करार मात्र एकत्र. दहा लाखांहून जास्त घरं तिच्याकडे आहेत.

कोल्हापूरकराला ही रचना ओळखीची वाटायला हवी. १९६३ साली गोकुळ दूध संघ स्थापन झाला तो याच हिशेबाने: म्हैस ज्याची त्याची, संकलन आणि विक्री सगळ्यांची. उसाचं तेच, सूतगिरण्यांचं तेच. इंटरनेटच्या बाबतीत मात्र इथले केबलचालक एकमेकांचे खांब पळवण्यात आणि शेजारच्या गल्लीत पन्नास रुपये दर पाडण्यात गुंतले, आणि केरळने सहकाराचा धडा गिरवून दाखवला. सहकाराची पंढरी म्हणवून घेणाऱ्या जिल्ह्याला हे शोभत नाही. गावोगाव इंटरनेट नेणाऱ्या केंद्राच्या भारतनेटच्या २०२३ मध्ये मंजूर झालेल्या, १ लाख ३९ हजार कोटींच्या सुधारित योजनेतही गावातली जोडणी सांभाळायला स्थानिक उद्योजकच लागणार आहेत. सरकारलाही अखेर शिडी असलेल्या माणसाची गरज पडलीच. त्यामुळे संधी अजून गेलेली नाही.

तोवर ज्यांना नवी जोडणी घ्यायची आहे त्यांनी दराच्या आधी दोन-चार गोष्टी विचाराव्यात. तुमची दुसरी मुख्य लाइन कुठल्या वाटेने येते? अपलोडचा वेग डाउनलोडएवढाच आहे का? बसवून झाल्यावर पॉवरचा आकडा डब्यावर लिहून घ्यावा, पुढे वेग मंदावला की भांडायला कामी येतो. तक्रार केली की नंबर मागून घ्यावा, तोंडी ‘बघतो’वर थांबू नये. आणि दुकानाच्या पाटीवर लँडलाइनचा नंबर रंगवणार असाल, तर तो कुणाच्या परवान्यावर आहे हे आधी विचारा. मोबाइलचा नंबर २०११ पासून कंपनी बदलली तरी सोबत नेता येतो. लँडलाइनला ती सोय अजून नाही.